चांदीला सांगितलेल्या गोष्टी

निरोप आला तेव्हा मी वरठीच्या आमच्या अंगणवाडीत वजनकाट्याला एक लेकरू टांगून उभी होते. झोळीतलं लेकरू हातपाय झाडत होतं, त्याची आई दूध पुरत नाही, वरचं सुरू करू का म्हणून मला विचारत होती, आणि मी काट्याचा आकडा वाचायला डोळे बारीक केले होते. तेवढ्यात स्टेशनवरचा खलाशी सायकल भिंतीला टेकवून दारात आला. माझे यजमान तिथे मालधक्क्यावर कारकून आहेत, आणि गावाकडचे निरोप आम्हाला स्टेशनच्या फोनवरच येतात. खलाशी म्हणाला, "बाई, साहेबानं घरी बलावलं. आंबागडचे बुढेबाबा गेले." मी काटा तसा सोडला नाही. आकडा वहीत लिहिला, लेकरू आईच्या हातात दिलं आणि तिला म्हटलं, "पुरते का नाही थे लेकराकडं पाहून समजते, बाई. दिसाचे लंगोट किती भिजून राहिले, थे मोज." बोलून झाल्यावर लक्षात आलं, की हे बोलणं माझं नाही. ज्यांचं होतं ते सकाळीच गेले होते... आणि त्यांनीही ते मला कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते गाईला सांगितलं होतं.

बुढेबाबा म्हणजे माझे सासरे, आमचे मामाजी. सरकारी गुरांच्या दवाखान्यात ते स्टॉकमन होते. कागदावर डॉक्टरांचे मदतनीस, पण आंबागडच्या किल्ल्याखालच्या पाचपन्नास गावांत त्यांना सारे ढोराचे डॉक्टरच म्हणत, आणि ते कोणाला दुरुस्तही करत नसत. उंच, हडकुळे, खांदे थोडे पुढे आलेले. सायकलच्या दांड्याला कॅनव्हासची पिशवी, तिला फिनेलचा वास. तो वास त्यांच्या सदऱ्यालाही होता आणि सणाच्या धोतरालाही. रागीट होते. आजारी बैल नांगराला जुंपलेला दिसला, की मालक कोण, किती मोठा, न पाहता सायकलवरूनच तोंड सोडत. घरात मात्र त्यांचा आवाज ऐकू यायचा तो फक्त कोठ्यातून, म्हणजे गुरं बांधायच्या जागेतून. तिथे ते गाईशी बोलत.

लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा ही गोष्ट मला फारच चमत्कारिक वाटली. मी बपेऱ्याची, मॅट्रिक झालेली, आणि स्वतःला जरा शहाणी समजणारी. इथे सासऱ्यासमोर पदर कपाळाच्या खाली ओढायचा, ते ओसरीवर खाकरले की आत सरकायचं, आणि त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही अशी रीत. तेही माझ्याशी बोलत नसत. मीठ कमी पडलं तर ते सासूबाईंना सांगत आणि सासूबाई मला सांगत, मी दोन हातांवर उभी असले तरी. हे सगळं चालवून घेतलं, पण जो माणूस सुनेशी बोलत नाही तो गाईशी तासभर गप्पा मारतो हे मला पचेना. तिचं नाव चांदी. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. मी यजमानांना एकदा विचारलंसुद्धा, तुमच्या वडलांचं डोकं ठिकाणावर आहे ना? ते हसून म्हणाले, "चांदीले विचार."

माझी आई मी लहान असतानाच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता सासरीच झालं. गोष्ट सत्तरच्या दशकातली, श्रावणातली. यजमान वरठीला, पंधरा दिवसांनी एकदा घरी येणारे. चांदी माझ्या आधी चार दिवस व्याली होती. बाळंतिणीची खोली आणि कोठा यांच्यामध्ये एकच मातीची भिंत, आणि तिच्यात वर हातभर रुंदीचा एक झरोका. मुलगा झाला. सुईण गेली, आणि सासूबाईंनी वाटीत गुळाचं पाणी आणून त्यात कापसाची वात बुडवली. तीन दिवस हेच द्यायचं, आईचं पहिलं दूध जड असते, पिवळं, चिकट, लेकराला बाधते, ते फडक्यावर पिळून टाकायचं असं त्यांनी मला समजावून सांगितलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्या सासूने त्यांना हेच सांगितलं होतं, आणि गावातली एकही बाई वेगळं करत नव्हती. मीही फडकं हातात घेतलं.

झरोक्यातून मामाजींचा आवाज आला, एरवीपेक्षा जरा चढाच. "चांदे, तुया चीक आमी सारे वाटीवाटीनं खाल्ला. शेजारी देल्ला, पाहुण्याले देल्ला. पण पयला घोट कोनाचा वं? वासराचा. थो नाही भेटला तं वासरू पाय टेकत नाही, मरते." थोडा वेळ गेला. मग पुन्हा तेच, शब्दन् शब्द. मी मनात म्हटलं, चार दिवसांपूर्वी खाल्लेल्या चिकाची आज काय आठवण... आणि तिसऱ्यांदा तेच ऐकलं तेव्हा माझ्या हातातलं फडकं थांबलं. चांदीचं वासरू तर कोठ्यात टणाटणा उड्या मारत होतं. मग हे कोणासाठी चाललं होतं? सासूबाई विहिरीवर गेल्या तशी मी मुलाला छातीशी घेतलं. त्याला ओढता येईना, मला धरता येईना, दोघांनाही घाम फुटला. पण शेवटी त्याने तोंड मोठं उघडलं आणि लागलं. सासूबाईंनी ते पाहिलं तेव्हा दोन दिवस भांडी आपटून घरात बोलणं झालं. मुलाला काही बाधलं नाही.

त्यानंतर मी झरोक्याखालीच बाज ओढून घेतली. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची आमच्याकडे रीत, आणि माझा घसा सुकून जायचा. संध्याकाळी पलीकडून आवाज यायचा, "पी वं, पोटभर पी. पान्याबिना दूध कुठून येईन?" मी सासूबाईंची नजर चुकवून लोटा संपवत असे. शेजारणी येऊन माझ्या अंगाकडे पाहत आणि म्हणत, हिले दूध कमीच दिसते. त्याच संध्याकाळी चांदीला कळायचं, की दूध किती येते ते कासेकडं पाहून नाही, वासराकडं पाहून समजते, थो मुतते का, आंगानं भरून राहिला का, थे पाहा. मला तर वाटायचं, यांना बाईमाणसाच्या अंगाचं इतकं कसं समजतं? पुढे कळलं, की ते दवाखान्यातून परतताना वाकडी वाट करून प्राथमिक आरोग्य केंद्रात जात, तिथल्या नर्सबाईंना विचारत आणि मग घरी येऊन चांदीला सांगत. गाईचं बाईला आणि बाईचं गाईला सगळंच लागू होत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. माहीत नव्हतं ते मला.

मुलगा बारा-तेरा दिवसांचा असेल. माझी डावी बाजू दगडासारखी झाली, हात लावला की जीव जायचा. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, दृष्ट लागली, आणि मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी झरोक्यातून मामाजींचा आवाज आला, आणि या वेळी आवाज रागावलेला होता. "आता तीन दिस वासराले लावाचं नाही, चांदे. सारं पिळून फेकाचं. खराब हाय थे, वासराच्या पोटात गेलं नाही पायजे." मी ऐकलं. दोनदा ऐकलं. आणि मुलाला छातीवरून काढलं. मनात एक शंकाही आली नाही. इतके दिवस त्या आवाजाने मला फसवलं नव्हतं. सासूबाईंना तर आनंदच झाला, त्या पहिल्यापासून म्हणत होत्याच. त्यांनी शेजारून बकरीचं दूध आणलं आणि कोणाच्या तरी घरची जुनी काचेची बाटली. मुलगा रडायचा, मी भिंतीकडे तोंड करून पिळून पिळून फेकायची, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला ताप भरला, त्याला पातळ जुलाब सुरू झाले. संध्याकाळी त्याचं रडणंही बारीक झालं. लेकरू रडायचं थांबलं की घर शांत होतं असं लोक म्हणतात. ती शांतता मी ऐकली आहे... देवाने कोणाला ऐकवू नये.

मामाजी दोन दिवस शेजारच्या गावी गुरांना लस टोचायला गेले होते. ते सायकल लावून ओसरीवर आले, खाकरले आणि सासूबाईंना विचारलं, "पोट्टा काहून असा करून राहिला?" सासूबाई म्हणाल्या, "तुमीच तं सांगतलं. तिनं बंद केलं." आणि मग जे झालं ते त्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं. पायांचा आवाज ओसरीवरून आत आला. कोठ्याकडे वळला नाही. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबला. मी घाबरून पदर ओढला. त्यांनी मान दुसरीकडे वळवली होती, पण बोलले ते माझ्याशी.

"सूनबाई, थे गाईसाठी होतं. तुयासाठी नोहोतं. तिच्या थानात मी औषिद चढवलं हाय, म्हून तिचं फेकाचं. तुयं नाही फेकाचं. तू लाव तेले. आताच लाव."

मी पदराआडून म्हटलं, "बाजू दुखते, मामाजी." सासऱ्यांशी बोललेला माझा पहिला शब्द हा. ते म्हणाले, "दुखते तं मी नर्सबाईले आनतो. पण तोवर थांबू नोको. दुसऱ्या बाजूचं दे." आणि तशीच परत सायकल काढली. तासाभरात नर्सबाई आमच्या अंगणात उतरल्या, मामाजींच्या सायकलच्या कॅरिअरवरून. साऱ्या गावाने ते पाहिलं आणि सासूबाईंना पुढे महिनाभर ते ऐकावं लागलं. नर्सबाईंनी हात धुतले, कोमट पाण्यात फडकं बुडवून शेकलं, मुलाला माझ्या पोटाशी पोट लावून आडवं धरायला शिकवलं आणि म्हणाल्या, "जी बाजू दुखते तीच आधी द्यायची. अडलेलं दूध लेकरूच काढतं, त्याच्यासारखं कोणी काढत नाही." नुसतं स्तनाचं बोंड नाही, भोवतालचं काळंही त्याच्या तोंडात गेलं पाहिजे, म्हणजे चिराही पडत नाहीत, हेही दाखवलं. मला तापाच्या गोळ्या दिल्या, बाटली उचलून स्वतःच्या पिशवीत टाकली आणि उद्या मुलगा सुस्त वाटला तर गाडी करून तुमसरला न्यायचं असं बजावलं. न्यायची वेळ आली नाही. सकाळी तो प्यायला, भांडल्यासारखा प्यायला. गाठ दोन दिवसांत उतरली.

नर्सबाईंना पोचवून आल्यावर मामाजी कोठ्यात गेले. झरोक्यातून बोलले ते खूप हळू, आणि ते कोणासाठी होतं हे मला आजही नीट सांगता येत नाही. "आमची पयली पोरगी सातव्या दिसी गेली, चांदे. थ्या सात दिसांत मी तीन वासरं वाचवली. तिघायलेही पयला चीक मी सोताच्या हातानं पाजला. घरात एक शब्द बोललो नाही. बाप्या मानसानं कसं बोलाव, म्हनलं." चुलीपाशी सासूबाई बसल्या होत्या, त्यांनाही ते ऐकू गेलं असणार. त्यांनी भाकर थापणं थांबवलं नाही. मी मुलाला घेऊन रडले, उघड रडले, आणि त्या माणसाला वेडा म्हटल्याबद्दल स्वतःची लाज वाटली.

त्यानंतर रीत मोडली असं मात्र समजू नका. उंबऱ्याशी ते पुन्हा कधी आले नाहीत आणि पदर मीही सोडला नाही. फरक एवढाच पडला, की चांदीला काही सांगून झालं की ते शेवटी जोडत, "थे तुयासाठी," किंवा "थे गाईसाठी." आता मला हसू येतं, पण तेव्हा आम्ही दोघंही अतिशय गंभीरपणे हे पाळत होतो. मीही शिकले. काही विचारायचं असलं की झरोक्याखाली मुलाला म्हणायचं, "काय रे बापा, उन्हाळ्यात तुले पानी पाजू का?" दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राला वळसा पडायचा आणि संध्याकाळी उत्तर यायचं, की सहा महिन्यांच्या आत आईच्या दुधातच पाणी असते, वरून द्यायचं काम नाही. निंदणाच्या दिवसांत मी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जायला लागले तेव्हा चांदीला सांगण्यात आलं, की मालकिणीनं बांधावरच लेकरू मागवून घ्यावं, कोणी बोललं तर ढोराच्या डॉक्टरकडं पाठवा. हळूहळू गावातल्या सुना दुपारच्या माझ्याकडे येऊन बसू लागल्या. कोणाला चिरा पडलेल्या, कोणाचं लेकरू एकाच बाजूला प्यायचं, कोणाची सासू ताप आला म्हणून पाजू देत नव्हती. त्या मला विचारत, मी मुलाला विचारे. माझ्या शिक्षणाची खरी शाळा ती. पुढे आम्ही वरठीला राहायला गेलो, तिथे अंगणवाडी सुरू झाली आणि मला सेविकेचं काम मिळालं, तेव्हा प्रशिक्षणात बाई जे शिकवत त्यातलं निम्मं मला आधीच येत होतं. कुठे शिकलात असं त्यांनी विचारलं. काय सांगणार होते?

गेल्या दिवाळीला त्यांना शेवटचं पाहिलं. चांदी जाऊन वर्षं झाली, तिची नात आता त्याच खुंट्याला आहे, आणि तिचंही नाव चांदीच. मामाजी कोठ्यातल्या लाकडी पाटावर बसले होते, श्वास लागत होता. मी चहा ठेवायला गेले आणि मागे वळले, तर चांदीकडे पाहत माझ्या धाकट्या जावेबद्दल म्हणाले, "धाकटीचे दिस भरत आले. तिच्या पयल्या वेळी तिच्या माहेरी तीन दिस साखरपानीच पाजलं, लेकरू वाचलं थे नशीब. या वेळी इथंच हाय. मी असलो नसलो, तू ये." आणि शेवटी जोडलं, "थे तुयासाठी." मी मान हलवली. शब्द दिला म्हणा ना.

तेरवी झाली. मी थांबले होते. त्याला नऊ दिवस झाले आणि धाकटी जाऊ बाळंत झाली, मुलगी. मदतीला तिची आई आली होती. दुःखाच्या घरी आलेली विहीण, वयाने मोठी, आल्यापासून एक क्षण न बसलेली बाई. तिने वाटीत साखरपाणी केलं, कापसाची वात वळली आणि लेकीच्या हातात फडकं दिलं. मी उंबऱ्याशी उभी. वरठीत मी दररोज चार बायकांना हेच सांगते, चित्रांचे तक्ते दाखवते, वाद घालते. तिथे माझं तोंड उघडेना. विहिणीला तिच्या लेकीच्या बाजेवर, सुतकातून नुकत्याच निघालेल्या घरात, मी थोरली सून, काय बोलणार? बोलले असते तर धाकटीला जन्मभर ऐकावं लागलं असतं. जाऊ माझ्याकडे पाहत होती. बाळ ओठ चाटत होतं. आणि मामाजींना मी शब्द दिला होता.

सासूबाई माझ्या शेजारून उठल्या आणि बाहेर गेल्या. मला वाटलं, त्यांनाही हेच पटत असेल. जन्मभर त्यांनी त्या चिकाबद्दल एक अक्षर कबूल केलं नव्हतं. मग भिंतीपलीकडून काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं. झरोक्यात थंडी येते म्हणून पोतं कोंबलेलं होतं. मी बाजेवर पाय देऊन ते ओढून काढलं. विहीणबाई चकित होऊन पाहत राहिल्या.

आवाज स्वच्छ आला. सासूबाई मामाजींच्या पाटावर बसल्या असाव्यात. "फेकू नोको वं, चांदे. मी फेकलं. माया पयल्या पोरीचं मी या हातानं पिळून फेकलं, तीन दिस. ज्याले मालूम होतं थो बोलला नाही. म्हून मंग जलमभर तुया मायजवळ, तुया आजीजवळ बोलत बसला. आता थो नाही. आता मी सांगतो, पयला घोट लेकराचा." मग थोडा वेळ गेला, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून तेच सुरू केलं, शब्दन् शब्द.

तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली नाही. विहीणबाईंनी वाटी खाली ठेवली. त्यांनी नात उचलली, लेकीच्या पोटाशी आडवी धरली, आणि मी पुढे होऊन बाळाची हनुवटी दाखवली, कशी टेकवायची ती. पोरीने तोंड मोठं उघडलं. जाऊ रडत होती आणि हसतही होती. सासूबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या लुगड्याला फिनेलचा वास येत होता, मामाजींची पिशवी अजून तिथेच खुंटीला आहे.

मी वरठीला परतले त्या दिवशी ते पोतं घडी करून झरोक्याखाली ठेवलं होतं. पुन्हा लावू का, लेकराला थंडी लागेल, असं मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, राहू दे, दुपट्यात गुंडाळू तिला.